वाचकांचे प्रश्न : घरच्या तरणतलावाचे पाणी

घरच्या किंवा शेतघराच्या तरणतलावाविषयी आलेल्या पत्रांपैकी आठ पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रांत तलावाचे माप दिलेले नव्हते, आणि मापाशिवाय औषधाची मात्रा सांगता येत नाही. म्हणून पुढील सर्व हिशेबांसाठी मी 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि सरासरी 1.4 मीटर खोल असा तलाव धरला आहे. त्यात सुमारे 45,000 लिटर पाणी मावते. आपला तलाव लहान-मोठा असेल तर त्या प्रमाणात मात्रा कमी-जास्त करावी. पाण्यातील घटकांची प्रमाणे मिलिग्रॅम प्रतिलिटर या मापात आहेत. दुकानदार यालाच पीपीएम म्हणतात.

प्रश्न : अलिबागजवळ आमचे शेतघर आहे. आम्ही शनिवार-रविवारी तेथे जातो. राखणदार दर शुक्रवारी संध्याकाळी तलावात दोन किलो टीसीएल पावडर टाकतो. शनिवारी पाणी दुधाळ दिसते, मुलांचे डोळे चुरचुरतात, क्लोरीन मोजायच्या ओटी चाचणीत गडद पिवळा रंग येतो आणि तरीही पायऱ्यांच्या कोपऱ्यांत हिरवे शेवाळ धरते. एवढे क्लोरीन असताना शेवाळ कसे?

उत्तर : आपल्या राखणदाराने कुचराई केलेली नाही. ग्रामपंचायतीच्या विहिरीला जे औषध वापरताना त्याने पाहिले, तेच त्याने तलावाला वापरले. परंतु पिण्याच्या पाण्याची टाकी रोज रिकामी होते आणि तलावातले पाणी वर्षानुवर्षे तेच राहते. टाकलेली प्रत्येक वस्तू तलावात साठत जाते, आणि आपल्या तक्रारीचे मूळ यातच आहे.

आधी दुधाळपणाचे कारण पाहू. टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, ताजी असेल तर तिच्यात उपयोगी क्लोरीन साधारण 30 ते 35 टक्के असते. बाकीचा मोठा भाग चुन्याचा असतो. हा चुना पूर्ण विरघळत नाही, म्हणून पाणी गढूळ होते. जो विरघळतो तो पाण्याचा पीएच, म्हणजे सामू, वर ढकलतो. सामू वाढला की क्लोरीनचे बळ घटते, आणि ही गोष्ट पुष्कळ तलावमालकांना कोणी सांगितलेलीच नसते. पाण्यात क्लोरीन दोन रूपांत वावरते. एक हायपोक्लोरस आम्ल, जे जंतू आणि शेवाळ झपाट्याने मारते. दुसरे हायपोक्लोराइट, जे त्या मानाने फार मंद असते. सामू 7.2 असताना सुमारे दोन तृतीयांश क्लोरीन पहिल्या रूपात असते, 7.5 ला निम्मे आणि 8 ला जेमतेम पाव. आपला तलाव महिनोन्‌महिने चुन्यावर चालला असल्याने त्याचा सामू 8 च्या वर असण्याची शक्यता मोठी आहे. तसे असेल तर टाकलेल्या क्लोरीनचा बराचसा भाग नावापुरताच पाण्यात आहे.

दुसरे कारण वेळापत्रकाचे. दोन किलो पावडर म्हणजे आपल्या तलावात एकदम सुमारे 13 मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन. पोहण्यासाठी हवे असते 1 ते 3. म्हणजे शनिवारी सकाळी मुले पाण्यात उतरतात तेव्हा ते गरजेपेक्षा बरेच जास्त असते. त्यानंतर कोकणातले ऊन लागते. उन्हापासून संरक्षण देणारे द्रव्य पाण्यात नसेल तर भर दुपारच्या उन्हात तासाभरात निम्म्याहून अधिक क्लोरीन नाहीसे होते. सोमवार-मंगळवारपासून पुढच्या शुक्रवारपर्यंत तलाव अक्षरशः उपाशी असतो, आणि शेवाळाला तेवढी सवड पुरते.

तिसरी गोष्ट ओटी चाचणीची. ही चाचणी गावोगावी पाणीपुरवठ्यासाठी वापरली जाते आणि नळाच्या पाण्यासाठी तिचा उपयोग झालेला आहे, हे मान्य. परंतु ती पाण्यातले एकूण क्लोरीन दाखवते. घाम, लघवी, त्वचेवरचे तेल यांच्यातील नायट्रोजनयुक्त पदार्थांशी जोडले गेलेले क्लोरीन, म्हणजे क्लोरामाइन, हेही त्यात येते. हे जोडलेले क्लोरीन जंतू मारण्यात कमजोर असते, आणि डोळे चुरचुरणे आणि नाकाला झोंबणारा वास हे त्याचेच काम. तेव्हा गडद पिवळा रंग आला म्हणून पाणी सुरक्षित आहे असे मानू नये. तलावासाठी डीपीडी चाचणीचा संच घ्यावा. त्यातील पहिल्या गोळीने मोकळे क्लोरीन गुलाबी रंगात दिसते आणि त्यातच दुसरी गोळी घातली की एकूण क्लोरीन कळते. दोहोंतील फरक 0.4 पेक्षा जास्त असेल तर पाणी बिघडत चालले आहे. एक सावधानता मात्र ठेवावी. क्लोरीन खूपच जास्त असेल तर डीपीडीचा गुलाबी रंग उमटून लगेच उडून जातो आणि पाणी रंगहीन दिसते. ते पाहून "क्लोरीन नाही" असे समजून आणखी ओतणारे मी पाहिले आहेत. शंका आली तर नमुन्यात चौपट शुद्ध पाणी मिसळून पुन्हा तपासावे आणि आलेल्या आकड्याला पाचाने गुणावे.

आता करायचे काय? प्रथम सामू 7.2 ते 7.4 वर आणावा. त्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल बादलीभर पाण्यात सावकाश ओतून, पंप चालू ठेवून, खोल भागात कडेकडेने सोडावे. एका वेळी अर्ध्या लिटरपेक्षा अधिक नको. चार-सहा तासांनी मोजून मगच पुढचा अर्धा लिटर. सामू जागेवर आल्यावर टीसीएल बंद करून द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट वापरावे. 10 टक्क्यांच्या हायपोक्लोराइटचे 450 मिलिलिटर आपल्या तलावात 1 मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन देतात. आत्ताचे शेवाळ मारण्यासाठी एका संध्याकाळी साडेचार लिटर सोडावे, कोपरे आणि पायऱ्या ब्रशने खरवडाव्यात आणि गाळणी रात्रंदिवस चालवावी. दुसऱ्या संध्याकाळी मोजावे. क्लोरीन पडले असेल तर पुन्हा तेवढेच चढवावे, आणि रात्रभरात ते उतरेनासे होईपर्यंत हे चालू ठेवावे. ते 3 च्या खाली येईपर्यंत आणि तळ स्वच्छ दिसेपर्यंत कोणी पोहू नये. तळ दिसत नसलेल्या पाण्यात बुडणारे मूल काठावरच्या माणसालाही दिसत नाही, म्हणून ही अट मी कधीही सैल करणार नाही.

त्यानंतर राखणदाराचे काम रोजचे, पण थोडेसे राहील. सूर्यास्तानंतर चाचणी, आकडा वहीत, आणि त्यानुसार अर्धा ते एक लिटर हायपोक्लोराइट. त्याला डीपीडीचा संच आणून द्या, एकदा शेजारी उभे राहून शिकवा आणि वही शनिवारी स्वतः पाहा. हायपोक्लोराइटचा कॅन सावलीत ठेवावा आणि महिन्याभरात संपेल एवढाच आणावा, कारण उष्णतेत त्याचे बळ झपाट्याने उतरते.

नावांचा एक घोटाळाही सांगून ठेवतो. बाजारात हायपोक्लोराइटला थोडक्यात "हायपो" म्हणतात, आणि फोटो धुण्याच्या काळापासून सोडियम थायोसल्फेटलाही "हायपो"च म्हणतात. हे दुसरे द्रव्य क्लोरीन नष्ट करते. दुकानात पूर्ण नाव सांगूनच मागावे.

प्रश्न : लोणावळ्याला आमच्या बंगल्यात तलाव आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तेथे कोणी जात नाही. पावसाळ्यात तलाव रिकामा करून ठेवला तर पाण्याची देखभाल टळेल ना?

उत्तर : कृपा करून असे करू नका. पावसाळ्यात लोणावळ्याची जमीन पाण्याने तुडुंब असते. भरलेल्या तलावातील पाण्याचे वजन खालून-बाजूने रेटणाऱ्या भूजलाला तोलून धरते. तलाव रिकामा केला की तो दाब मोकळा होतो आणि काँक्रीटचे संपूर्ण भांडे वर उचलले जाऊ शकते, किंवा तळाला तडे जाऊ शकतात. तळाशी दाब सोडणारी झडप बसवली आहे की नाही, हे बांधणाऱ्याकडून लेखी विचारून घ्यावे. ती असली तरी तिच्या भरवशावर पावसात तलाव उपसू नये.

पाण्याची देखभाल मात्र टळत नाही. लोणावळ्याला वर्षाकाठी सुमारे 4 मीटर पाऊस पडतो, म्हणजे आपण धरलेल्या तलावाच्या सरासरी खोलीच्या जवळजवळ तिप्पट. पावसाचे पाणी अतिशय मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते. ते तलावात पडते आणि जुने पाणी बाहेर सांडते, तेव्हा क्लोरीन, पाण्यातील कॅल्शियम आणि अल्कलिनिटी अशा तिन्ही गोष्टी पातळ होत जातात. अल्कलिनिटी म्हणजे सामूला जागेवर धरून ठेवण्याची पाण्याची ताकद. ती 80 ते 120 असावी. 60 च्या खाली गेली की सामू आज 6.8, उद्या 7.9 असा भरकटतो. शिवाय कॅल्शियम कमी झालेले पाणी स्वतःची भूक भागवण्यासाठी भिंतीच्या गिलाव्यातून आणि टाइल्समधल्या सिमेंटमधून चुना ओढून घेते. दोन पावसाळ्यांनंतर तळाला हात लावला आणि तो खरखरीत लागला, तर कारण हेच असते. उपाय स्वयंपाकघरातला आहे. खाण्याचा सोडा पाऊण किलो टाकला की आपल्या तलावाची अल्कलिनिटी सुमारे 10 ने वाढते. धुण्याचा सोडा वापरू नये, त्याने सामू एकदम चढतो. आठवड्यातून एकदा कोणी येऊन मोजमाप करील आणि दिवसातून चार तास पंप चालेल, एवढी व्यवस्था पावसाळ्यातही हवीच.

आणखी दोन गोष्टी. अंगणातले लाल पाणी तलावात येऊ नये म्हणून काठाबाहेरची निचऱ्याची चर मे महिन्यातच साफ करावी. आणि तलावावर ताडपत्री घातली तर तिच्यावर साचलेले पाणी आठवड्याच्या आत काढावेच, कारण डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास बाहेर पडतो. क्लोरीन नसलेला, बंद पडलेला तलाव तर त्याचे माहेरच. तलाव काही वर्षे वापरायचाच नसेल तर आरोग्य विभागाकडून गप्पी मासे आणून सोडावेत; मग मात्र त्यात क्लोरीन टाकू नये.

प्रश्न : गेली तीन वर्षे आम्ही तरंगत्या डब्यात क्लोरीनच्या गोळ्या ठेवतो. आतापर्यंत पाणी उत्तम होते. या उन्हाळ्यात मोकळे क्लोरीन 3 येते, सामू 7.3 येतो आणि तरीही पाणी हिरवट होते. गोळ्या बनावट असाव्यात का? (पुणे)

उत्तर : गोळ्या बहुधा अस्सल आहेत आणि त्यांनी आपले काम चोख केले आहे. अडचण गोळीतल्या दुसऱ्या घटकाची आहे. या गोळ्या ट्रायक्लोरच्या असतात. त्यांतून क्लोरीन सुटते तेव्हा मागे सायन्युरिक आम्ल उरते. हे द्रव्य वाईट नव्हे. क्लोरीनला उन्हापासून सांभाळणारे ते हेच, आणि उघड्यावरच्या तलावात ते 30 ते 50 असावे असे मीही सांगतो. परंतु ऊन त्याला संपवत नाही, गाळणी त्याला अडवत नाही. एक किलो गोळ्या आपल्या तलावात सायन्युरिक आम्ल सुमारे 12 ने वाढवतात. पंधरा किलोंचा डबा संपला की हा आकडा 180 च्या घरात जातो, आणि तीन वर्षांत आपण एकच डबा वापरला असेल असे वाटत नाही. सांडलेल्या आणि गाळणी धुताना गेलेल्या पाण्याबरोबर त्यातले थोडे जाते, म्हणूनच एवढी वर्षे निभावले.

सायन्युरिक आम्ल क्लोरीनला धरून ठेवते, आणि प्रमाणाबाहेर झाले की सोडतच नाही. चाचणीत 3 हा आकडा येतो, पण शेवाळाशी लढायला मोकळा असलेला भाग अत्यल्प असतो. अनुभवी लोकांचा ठोकताळा असा की मोकळे क्लोरीन सायन्युरिक आम्लाच्या किमान 5 ते 7 टक्के असावे. ते 40 असेल तर क्लोरीन 2 ते 3 पुरते. ते 150 असेल तर साडेसात ते दहा लागेल, आणि तेवढ्या क्लोरीनमध्ये घरच्या मुलांना पोहायला सोडणे मला योग्य वाटत नाही. सायन्युरिक आम्लाची चाचणी सोपी आहे. नमुन्यात मेलामाइनचे द्रावण मिसळले की पाणी गढूळ होते आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका किती उंचीला दिसेनासा होतो, त्यावरून आकडा कळतो. पट्टीवरचा रंग या कामी फारसा भरवशाचा नाही.

कमी करण्याचा खात्रीचा मार्ग एकच, पाणी बदलणे. आकडा 150 वरून 50 वर आणायचा तर दोन तृतीयांश पाणी बदलावे लागेल, म्हणजे 30,000 लिटर. पाण्याची टंचाई असलेल्या महिन्यात एवढे पाणी ओतून देणे मनाला पटणारे नाही. म्हणून माझा सल्ला असा की आजपासून गोळ्या थांबवा, हायपोक्लोराइटवर या, आणि आगामी पावसाळ्यात पाऊस लागून राहील तेव्हा पातळी फूटभर उतरवून तलाव पावसाने भरू द्या. फूटभर पाणी म्हणजे सरासरी खोलीच्या पाचव्या भागाहून थोडे जास्त. ऋतूत तीन वेळा असे केले तर आकडा निम्म्यावर येतो, आणि टँकर लागत नाही. पुण्यात पाऊस घाटमाथ्याएवढा नसल्याने घराच्या स्वच्छ धुतलेल्या पत्र्यावरचे पाणीही पन्हळीतून तलावात घेता येईल.

प्रश्न : नाशिकजवळ बोअरच्या पाण्यावर तलाव भरतो. पाण्याच्या रेषेवर टाइल्सना पांढरा थर बसतो, घासून निघत नाही, दरवर्षी जाडच होत जातो.

उत्तर : दख्खनच्या काळ्या खडकातले भूजल पुष्कळ ठिकाणी जड असते, आणि हा थर त्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटचा आहे. जडपणा 200 ते 400 पर्यंत असला तर तलावाला चालतो, किंबहुना गिलाव्यासाठी तो हवाच. पण उन्हाळ्यात रोज 5 ते 8 मिलिमीटर पाणी उडून जाते, म्हणजे आपल्या मापाच्या तलावातून सुमारे 160 ते 250 लिटर. उडते ते निव्वळ पाणी. क्षार मागेच राहतात. त्या जागी आपण पुन्हा जड पाणीच भरतो. बोअरच्या पाण्याचा जडपणा 400 धरला आणि रोज 200 लिटर भर घातली, तर शंभर दिवसांच्या उन्हाळ्यात तलावाचा जडपणा जवळजवळ 180 ने वाढतो. पाऊस पुरेसा सांडला नाही तर पुढच्या वर्षी त्यावर आणखी चढ.

थर बसणार की नाही हे एकट्या जडपणावर ठरत नाही. सामू, अल्कलिनिटी, तापमान आणि जडपणा या सर्वांचा एकत्र विचार करणारा निर्देशांक लँगेलियर या अमेरिकी अभियंत्याने 1936 मध्ये मांडला आणि आजही तोच वापरला जातो. त्यातून आपल्या कामाची गोष्ट एवढीच निघते की जडपणा कमी करता येत नसेल तर बाकीचे दोन घटक खाली ठेवावेत. सामू 7.2 च्या आसपास आणि अल्कलिनिटी 70 ते 80 एवढी ठेवली, तर जड पाणीही थर न देता नांदते. दानेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट आपल्याकडे नको, त्याने जडपणात भर पडते. रात्री आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत तलावावर तरंगते आच्छादन अंथरले तर बाष्पीभवन मोठ्या प्रमाणात थांबते. पाण्यावरचा, क्षारांवरचा आणि क्लोरीनवरचा असा तिन्ही खर्च वाचवणारी ही एकमेव वस्तू असून आपल्याकडे ती फारच कमी घरांत दिसते याचे मला वाईट वाटते.

बसलेला थर काढण्यासाठी पाण्याची पातळी वीतभर उतरवून सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने फडक्याने पुसत जावे. कडक आम्ल थेट लावले तर थराआधी टाइल्समधले सिमेंट निघून येते.

प्रश्न : रत्नागिरीत विहिरीच्या स्वच्छ, नितळ पाण्याने तलाव भरला. क्लोरीन टाकताच तासाभरात पाणी चहासारखे झाले!

उत्तर : पाण्यात लोह आहे. जांभ्या खडकाच्या प्रदेशात हे घडते. विरघळलेले लोह दिसत नाही. क्लोरीनने त्याचे ऑक्सिडीकरण झाले की गंजाचे बारीक कण तयार होतात. पाणी फुकट गेलेले नाही. आधी अल्कलिनिटी 100 च्या वर असल्याची खात्री करावी, कारण तुरटी ती खाते. मग 1 ते 2 किलो तुरटी बादलीत विरघळवून, गाळणीला वळसा घालणाऱ्या मार्गाने पंप चालवत सगळीकडे पसरवावी, पंप बंद करून पाणी रात्रभर निवळू द्यावे आणि सकाळी तळाचा गाळ व्हॅक्यूमने थेट बाहेर काढावा. तो वाळूच्या गाळणीतून फिरवला तर वाळू चिकटून बसते. पुढच्या वेळी भरण्यापूर्वी पांढऱ्या बादलीभर पाण्यात थोडे क्लोरीन टाकून रात्रभर ठेवून पाहावे.

प्रश्न : "मिठाची यंत्रणा बसवा, क्लोरीन लागणारच नाही," असे एक विक्रेता सांगतो. खरे काय?

उत्तर : ही यंत्रणा मिठापासून विजेच्या साहाय्याने क्लोरीनच तयार करते. पाण्यात मीठ साधारण 3,000 ते 4,000 ठेवतात, समुद्राच्या पाण्यातील क्षारांच्या सुमारे दहाव्या भागाइतके. रोज थोडे थोडे क्लोरीन मिळत राहते, हा तिचा खरा आणि मोठा गुण. मात्र सामू सतत वर सरकतो, म्हणून आम्लाची देखभाल राहतेच. लोखंडी जिने आणि कठडे गंजतात, आणि असे पाणी झाडांना घालता येत नाही. नियमित वीज नसलेल्या शेतघरात मी ती सुचवणार नाही.

प्रश्न : वाढदिवसाच्या दिवशी एका लहान मुलाला पाण्यातच जुलाब झाला. आम्ही पाणी ढवळून, जास्त क्लोरीन टाकून तासाभराने मुलांना पुन्हा सोडले. ते बरोबर होते का? (ठाणे)

उत्तर : नाही. आपण मोकळेपणाने लिहिलेत म्हणून इतरांचा फायदा होईल. शौच घट्ट असेल तर ते जाळीने काढून, सामू 7.5 च्या आत आणि क्लोरीन 2 ठेवून अर्धा तास थांबणे पुरते. जुलाब असेल तर प्रश्न क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीचा असतो. त्याचे कवच इतके चिवट असते की नेहमीच्या क्लोरीनमध्ये तो आठवड्याहून अधिक जगतो. अशा वेळी सर्वांना बाहेर काढावे, क्लोरीन 20 पर्यंत चढवून जवळपास 13 तास तसेच ठेवावे आणि ते 3 च्या खाली उतरल्यावरच तलाव उघडावा. हा हिशेब पाण्यात सायन्युरिक आम्ल जवळजवळ नसताना लागू पडतो. गोळ्या वापरणाऱ्यांनी आधी पाणी बदलणेच बरे. जुलाब झालेल्या मुलाला बरे वाटल्यावरही दोन आठवडे तलावापासून दूर ठेवावे.

क्लोरीन नकोच, पाणी "नैसर्गिक" ठेवू, असे म्हणणाऱ्या एका वाचकांनाही येथेच उत्तर देतो. केरळमध्ये 2024 साली तळ्याच्या पाण्यात पोहलेल्या मुलांना मेंदूज्वर करणाऱ्या अमिबाची बाधा होऊन मृत्यू झाले. हा अमिबा कोमट, क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे शिरतो. योग्य क्लोरीन त्याला रोखते.

प्रश्न : तलावाची औषधे कोठे आणि कशी ठेवावीत? आमच्याकडे माळ्याने उरलेल्या गोळ्या आणि दानेदार पावडर एकाच डब्यात ओतली आणि डबा तापून धूर येऊ लागला.

उत्तर : त्या माळ्याचे प्राण थोडक्यात वाचले आहेत. ट्रायक्लोरच्या गोळ्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट ही दोन्ही क्लोरीनचीच औषधे असली तरी एकत्र आल्यावर, विशेषतः थोडा ओलावा लागला तर, पेट घेऊ शकतात किंवा फुटू शकतात. एकाचा चमचा दुसऱ्यात घालू नये, एकासाठी वापरलेल्या तरंगत्या डब्यात दुसरे भरू नये. तसेच आम्ल आणि हायपोक्लोराइट एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत तो जीव घेतो. म्हणून ही दोन्ही एकाच कपाटात ठेवू नयेत. एक खाली जमिनीवर, दुसरे वेगळ्या, हवेशीर जागी. तलावात दोन्ही टाकायची असतील तर मध्ये काही तास जाऊ द्यावेत. औषध पाण्यात ओतावे, औषधावर पाणी ओतू नये. पंपाच्या खोलीत, डिझेल आणि रंगाच्या डब्यांशेजारी काहीही ठेवू नये.

पुष्कळ घरांत मालक औषध आणून देतो आणि हाताळतो मात्र माळी किंवा राखणदार, ज्याला डब्यावरची इंग्रजी अक्षरे वाचता येतातच असे नाही. प्रत्येक डब्यावर मराठीत, किंवा तो जी भाषा वाचतो तीत, मोठ्या अक्षरांत नाव लिहावे. वाचता येत नसेल तर आम्लाच्या डब्याला लाल आणि क्लोरीनच्या डब्याला निळा पट्टा मारावा. रबरी हातमोजे, डोळ्यांचा चष्मा आणि जवळच पाण्याचा नळ ही तीन साधने त्याला देणे ही मालकाची जबाबदारी आहे. धूर किंवा वास आला तर वारा जिकडून येतो त्या दिशेला लांब पळायचे, डबा उचलायला जायचे नाही आणि अग्निशमन दलाला कळवायचे, हे त्याच्याकडून तोंडाने वदवून घ्यावे.